हसण्याचा तास

कॉलेजात त्यांचं खरं नाव फक्त दारावरच्या पाटीवर होतं. पोरांच्या तोंडी त्या 'घडी मॅडम'. टेबलावरच्या कापडाला एक जरी चुकीची घडी दिसली तरी त्या सगळं टेबल उठवायला लावत. काटे, चमचे, ग्लास, फुलदाणी, सगळं खाली आणि पुन्हा पहिल्यापासून. पोरं पाठीमागे दात-ओठ खायची. पण घडी मॅडमच्या हाताखालून गेलेलं पोर आहे म्हटलं की हॉटेलवाले मुलाखतीत फारसे प्रश्न विचारत नसत, हेही त्यांना ठाऊक होतं.

पर्यटन आणि हॉटेल व्यवस्थापनाचा विभाग निघाला तेव्हा त्या तिथल्या पहिल्या शिक्षिका. त्याआधी काही वर्षं त्यांनी एका हॉटेलच्या स्वागतकक्षात उभ्याने काढली होती. शब्दशः उभ्याने, कारण काउंटरमागे खुर्ची ठेवायचीच नाही असा तिथला नियम होता. विभाग म्हणजे कॉलेजच्या मागच्या अंगाच्या तीन खोल्या. एकीत शिकण्यापुरतं स्वयंपाकघर. दुसरीत खोटा स्वागतकक्ष: लाकडी काउंटर, पितळी घंटा, किल्ल्या अडकवायचा फळा. किल्ल्या होत्या, त्यांना खोल्या नव्हत्या. तिसरीत एक मोठा पलंग. त्यावर रोज नवी चादर घातली जायची आणि त्याला कधी कोणाची पाठ लागली नव्हती.

"तुझ्या हॉटेलात गिऱ्हाईक सोडून सगळं आहे," त्यांचा नवरा म्हणायचा. त्याचं बाजारात चष्म्याचं दुकान होतं. माणूस थट्टेखोर, पण बायकोच्या कामाचा त्याला अभिमान होता. दुकानात कोणी तरुण जोडपं आलं की तो सांगे, फिरायला जाणार असाल तर आमच्या घरच्यांना विचारा, कुठल्या हॉटेलात गाद्या चांगल्या आहेत ते.

आठवड्याच्या शेवटी जेवणानंतर मॅडम एक तास घेत. वेळापत्रकात त्याला 'ग्राहक संवाद' असं भारदस्त नाव होतं. मुलं त्याला हसण्याचा तास म्हणत. एकाने काउंटरमागे उभं राहायचं आणि मॅडम स्वतः गिऱ्हाईक व्हायच्या. काय गिऱ्हाईक व्हायच्या! सूप गार आहे, खोलीत वास येतो, तुला आईबापांनी हेच शिकवलं का, असं काय काय बोलत. समोरच्या पोराचं हसू ढळलं की तो नापास. एरवी शब्द मोजून बोलणारी ही बाई त्या तासाला अशी काही तोंड सोडायची की शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीशी गोळा व्हायची. शेवटी त्या फळ्यापाशी जाऊन दर वेळी तेच सांगत.

"राग अंगावर घ्यायचा नाही, गणवेशावर घ्यायचा. गणवेश संध्याकाळी धुवायला जातो."

हे त्यांना कोणी पुस्तकातून दिलेलं नव्हतं. काउंटरमागच्या वर्षांत त्या स्वतः याच एका वाक्यावर तगल्या होत्या. त्यामुळे ते खरं आहे याबद्दल त्यांच्या मनात किंतु नव्हता.

विभाग चांगला रुळल्यावर एका तुकडीत एक मुलगी आली. जिना चढायची तर दोन दोन पायऱ्या गाळून, ताटल्या उचलायची तर एका हातात इतरांच्या दुप्पट. वर्गाने तिचं नाव खारूताई ठेवलं. घरातली कॉलेजात पाय ठेवणारी ती पहिलीच. हसण्याच्या तासाला मॅडमनी जंग जंग पछाडलं तरी तिचं हसू हललं नाही. मॅडम तोंडावर कौतुक करणाऱ्यातल्या नव्हत्या, पण त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला म्हणाल्या, "एक पोरगी मिळालीय. माझ्यापेक्षा वर जाईल."

शेवटच्या वर्षी प्रत्यक्ष कामासाठी मॅडमनी तिला शहरातल्या सगळ्यात मोठ्या हॉटेलात पाठवलं. त्या हॉटेलशी कॉलेजचा करार होता. दर वर्षी अर्धा वर्ग तिथे शिकायला जायचा आणि त्यातले बरेच जण तिथेच नोकरीला लागायचे. करार मॅडमनी स्वतः खेटे घालून मिळवला होता आणि नेमका त्याच सुमारास तो नव्याने व्हायचा होता.

एका सकाळी विभागातला फोन वाजला. खारूताई हॉटेलसमोरच्या औषधाच्या दुकानातून बोलत होती.

"मॅडम, नेहमीचे एक पाहुणे आहेत. दर महिन्याला येतात. त्यांच्या खोलीत नाश्ता घेऊन गेले होते. त्यांनी दार लावून घेतलं."

"मग?"

"हात धरला. सोडेचनात. पलंगावर बस म्हणाले, बसवलं. मग त्यांचा फोन वाजला म्हणून सोडलं."

"पुढे काही…? तू नीट आहेस ना?"

"मी हसत होते, मॅडम," खारूताई म्हणाली. "सगळा वेळ हसत होते."

मॅडम घाबरल्या होत्या, हे खरं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"शाबास," त्या म्हणाल्या. "डोकं शांत ठेवलंस. आता कुठे बोलू नकोस. मी मॅनेजरशी बोलते."

खारूताई "हो मॅडम," म्हणाली आणि फोन ठेवला.

मॅडम मॅनेजरकडे गेल्या. मॅनेजर माणूस मिठ्ठास. त्याने कॉफी मागवली, सगळं ऐकून घेतलं, कपाळाला आठी घातली. "जुने पाहुणे आहेत हो. वाह्यात आहेत थोडे, मान्य. पण तुमची मुलगीही फार हसते, समोरच्याचा गैरसमज होतो," तो म्हणाला. मॅडम त्यावर काही तरी बोलणार होत्या. तेवढ्यात तो म्हणाला, "ते कराराचं या आठवड्यात उरकून टाकू." आणि मॅडमनी कपातली कॉफी संपवली. खारूताईला तळघरात, चादरी-टॉवेलांच्या कोठीत हलवण्यात आलं. पाहुणा आपल्या ठरलेल्या खोलीत दर महिन्याला येत राहिला.

खारूताईने तिथले दिवस पूर्ण केले, परीक्षा दिली, वर्गात पहिली आली. पदवी घ्यायला मात्र फिरकली नाही. कोणी म्हणालं लग्न ठरलं, कोणी म्हणालं हे क्षेत्रच सोडलं. मॅडमनी चौकशी केली नाही. चौकशी केली तर उत्तर मिळेल, याची त्यांना धास्ती होती.

त्यानंतर मॅडम विभागप्रमुख झाल्या. तीन खोल्यांची इमारत झाली, पलंग सहा झाले, परिषदांची बोलावणी येऊ लागली. त्यांचं ते गणवेशाचं वाक्य दुसऱ्या कॉलेजांच्या भिंतींवरही रंगवलं गेलं. आणि दर वर्षी त्या त्याच हॉटेलात मुली पाठवत राहिल्या. पाठवण्याआधी एकेकीला बाजूला घेऊन सांगत, "खोलीत एकटी जाऊ नकोस, दार उघडं ठेव." का, ते सांगत नसत. आपण काळजी घेतोय असं त्यांना वाटे. पण घरी आल्यावर त्या उगाच कपाटं आवरत बसत आणि नवरा ओळखायचा, की मुलींना पाठवायचे दिवस आले.

"काय डाचतंय तुला?" तो विचारायचा.

"काही नाही. दमले."

असंच चालून गेलं असतं. पण निवृत्तीला थोडे दिवस राहिले असताना त्या मुलांचं काम पाहायला त्या हॉटेलात गेल्या. नाश्त्याची वेळ होती. खिडकीजवळच्या टेबलावरचा एक माणूस अंडं नीट शिजलं नाही म्हणून त्यांच्या एका विद्यार्थिनीवर ओरडत होता. बोलता बोलता त्याने ताटली अशी ढकलली की अर्धं अंडं तिच्या कोटावर आलं. ती हसली. "माफ करा, लगेच दुसरं आणते," म्हणाली, ताटली उचलली आणि आत गेली. चाल सरळ, पाठ ताठ. अगदी शिकवल्यासारखं.

मॅडम तिच्या मागोमाग आत गेल्या. तिची पाठ थोपटायची असं त्यांच्या मनात होतं. मुलगी कपबशांच्या मांडणीपाशी भिंतीकडे तोंड करून उभी होती. मॅडमनी तिला वळवलं. ती अजून हसतच होती.

"अगं, आता नको हसूस. इथे कोणी नाहीये."

"हो मॅडम," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी ओठ तसेच ताणलेले. तिने हाताने तोंड चेपून पाहिलं. "जात नाहीये, मॅडम."

मॅडमनी तिथलाच एक रुमाल ओला केला आणि तिच्या कोटावरचं अंडं पुसायला लागल्या. डाग गेला तरी पुसत राहिल्या. शेवटी स्वयंपाकघरातला कोणी तरी म्हणाला, "मॅडम, सोडा तिला, ऑर्डर थांबलीय."

त्या दिवशी त्यांनी नवऱ्याला खारूताईची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. दुकान बंद करून तो नुकताच आला होता. हातातली पिशवी खाली न ठेवता त्याने सगळं ऐकलं. त्याला थट्टा सुचली नाही.

"तू तिला शाबास म्हणालीस?" त्याने विचारलं.

"हो."

तो पिशवी ठेवायला आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

खारूताईचा पत्ता काढायला वेळ लागला नाही. म्हणजे इतक्या वर्षांत तो कधीही सापडला असता. तिच्या वर्गातला एक जण प्रवास कंपनी चालवत होता. तो म्हणाला, "ती ना? ती बायकांना गाडी शिकवते. माझ्या बायकोला तिनेच शिकवली. फार कडक आहे, तुमच्यासारखी."

स्टेडियममागच्या रस्त्यावर एका गाळ्यात ती ड्रायव्हिंग स्कूल होती. एक टेबल, बाकावर वाट पाहणाऱ्या दोन बायका आणि दारात पिवळी पाटी लावलेली गाडी. खारूताई आता भरलेल्या अंगाची, केस बारीक कापलेली बाई झाली होती. मॅडमना पाहून तिने हातातली किल्ली खिशात टाकली, पुन्हा काढली.

"मॅडम."

"तुझ्याशी बोलायचं होतं."

तिने बाकावरच्या बायकांकडे पाहिलं. "इथे नको. एक शिकणारी आज आलेली नाही, तिची वेळ मोकळी आहे. गाडीत बसा." मॅडम बाजूच्या सीटकडे निघाल्या तशी ती म्हणाली, "तिथे मी बसते. तुम्ही स्टिअरिंगला. नुसतं बसून गप्पा मारायला गाडी परवडत नाही."

मॅडमनी जन्मात गाडी चालवली नव्हती. पण नाही म्हणायचं तोंड त्यांच्याकडे नव्हतं. स्टेडियमभोवतीच्या रिकाम्या रस्त्यावर गाडी गचके खात निघाली.

"त्या दिवशी तू फोन केलास," मॅडम म्हणाल्या, "तेव्हा मी…" आणि गाडी धक्का खाऊन बंद पडली.

"क्लच सोडताना बोलायचं नाही," खारूताई म्हणाली. "पुन्हा लावा."

पुन्हा लावली. गाडी थोडी चालली.

"तेव्हा मी तुला शाबास म्हटलं."

"आठवतं मला."

"आणि मॅनेजरला धड जाबही विचारला नाही. कराराचा विषय निघाला आणि मी गप्प बसले."

हे खारूताईला ठाऊक नव्हतं. तिने एकदा मान वळवून पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागली. गाडीने स्टेडियमला अर्धा फेरा घातला.

"त्या माणसाचा राग नंतर नंतर गेला," ती म्हणाली. "दुसरंच एक राहिलं. घरी आई काही गमतीचं बोलायची, मी हसायची आणि मला कळायचंच नाही, हे हसू माझं की कामाचं. मग हसणंच सोडलं. माझ्या लग्नाचा कोणताही फोटो बघा, नवरी घाबरलेलीय असं वाटतं. सासूबाईंना वाटलं, मुलगी मनाविरुद्ध दिलीय."

"माझं चुकलं गं."

"चुकलं," ती म्हणाली. आवाज चढला नाही की मऊ पडला नाही. "समोर बघा. सायकलवाला येतोय." आणि तिने आपल्या बाजूचा ब्रेक दाबला.

गाडी थांबली. सायकलवाला शिव्या देत निघून गेला.

"मुली अजून जातात तिथे?" खारूताईने विचारलं.

"हो."

"यंदाही?"

"पुढच्या महिन्यात जायच्यात."

खारूताईने किल्ली फिरवून गाडी बंद केली. "मग मॅडम, तुम्ही माझ्याकडे कशाला आलात?"

मॅडम उतरल्या आणि बसथांब्यापर्यंत चालत गेल्या. खारूताईने त्यांना थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी त्या हॉटेलात जाऊन आलेल्या मुलींना एकेकीला बोलावून विचारायला सुरुवात केली. मुली मूग गिळून गप्प. "सगळं छान होतं, मॅडम." "काही नाही, मॅडम." आणि प्रत्येकीच्या तोंडावर तेच शिकवलेलं हसू. आपल्याच हाताने लावलेलं कुलूप आपल्यालाच उघडत नव्हतं. शेवटी कोटावर अंडं सांडलेल्या त्या मुलीने तोंड उघडलं. मग आणखी एकीने. मग बाकीच्या अशा बोलायला लागल्या की मॅडमना मध्ये उठून पाणी प्यावं लागलं. पाहुणे वेगवेगळे, मॅनेजरही आता वेगळा, आणि तळघरातली कोठी तीच.

प्राचार्य वयाने त्यांच्याहून बरेच लहान. मॅडमनी करार मोडायचा म्हटल्यावर ते खुर्चीत पुढे सरकले.

"आता जाता जाता कशाला वारूळ उकरता, मॅडम? तिथून आपल्याकडे एकही तक्रार आलेली नाही."

"येणार कशी? तक्रार करायची नाही हे मीच शिकवलंय."

"तुमचंच नाव खराब होईल."

"होऊ दे."

नाव खराब झालंच. करार मोडला तसे आणखी दोन हॉटेलांनी हात आखडता घेतला. त्या वर्षी बऱ्याच मुलांना लांबच्या गावी छोट्या ठिकाणी जावं लागलं. एका मुलीचे वडील विभागात येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्ही घरी बसणार. आमच्या पोरीने काय करायचं? इतकी वर्षं झाकली मूठ होती, ती आत्ताच उघडायची होती का?" मॅडमनी ते सगळं उभ्याने ऐकून घेतलं. हसल्या नाहीत. ते गृहस्थ चुकीचं बोलत नव्हते, हे त्यांना कळत होतं. आधीच उघडायला हवी होती.

राहिलेल्या दिवसांत त्यांनी तो तास नव्याने घ्यायला सुरुवात केली. गिऱ्हाईक त्याच, तोंडही तेच. फक्त आता समोरच्याने ठरावीक जागी 'बस्स' म्हणायचं, हात सोडवून घ्यायचा, दार उघडून बाहेर यायचं आणि पहिला जो माणूस दिसेल त्याला मोठ्याने सांगायचं. पहिल्या दिवशी हसून हसून वर्गाची मुरकुंडी वळली. एक मुलगी तर म्हणाली, "नको, सर, आभारी आहे, सर," आणि स्वतःच लाजून खाली बसली. मॅडमनी तिला पुन्हा उभं केलं. ती धड ओरडेपर्यंत तिला बसू दिलं नाही. शेवटी ती इतक्या जोराने ओरडली की शेजारच्या वर्गातले सर धावत आले.

निरोपाच्या समारंभाला मोठ्या हॉटेलांतलं कोणी आलं नाही. खारूताईही आली नाही. मॅडमनी तिला बोलावलंच नव्हतं. आपल्या कौतुकाला तिला टाळ्या वाजवायला लावायचं, एवढं कोडगं होणं त्यांना जमलं नाही.

निवृत्तीनंतरही बाहेरगावी शिकायला जाणाऱ्या प्रत्येक मुलीकडे मॅडमचा घरचा नंबर असायचा. एका सकाळी त्यांना असा फोन आला. डोंगरापलीकडच्या तळ्याकाठी एक लहानसं हॉटेल होतं, तिथून एक मुलगी बोलत होती. काही तरी झालं होतं. काय झालं ते तिला नीट सांगता येत नव्हतं. मॅडमनी विचारलंही नाही. "सामान भर. येतेय," एवढंच म्हणाल्या.

नवऱ्याने दुकान उघडलंच नाही. दोघं बसने गेली. मुलगी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी आपल्या बॅगेवर बसली होती. तिथला मॅनेजर लगबगीने आला. "अहो, बसा ना मॅडम. कॉफी घ्या. काही गैरसमज झालाय, आपण बोलू."

"ही माझ्याबरोबर येतेय," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याशी बोलायला मी उद्या येईन, कॉलेजची माणसं घेऊन."

मॅनेजर बाजूला झाला. नवऱ्याने बॅग उचलली. तिघं दारातून बाहेर आली, थांब्यावर उभी राहिली, बस आली. कोणी अडवलं नाही, कोणी धमकावलं नाही, काहीही झालं नाही.

घरी नवऱ्याने अंडी उकडली, ब्रेड भाजला. मुलगी जेवली आणि बाहेरच्या सोफ्यावरच झोपून गेली. नवरा हळू आवाजात म्हणाला, "झालं बघ. एवढंच तर होतं."

त्याने धीर द्यायला म्हटलं होतं. मॅडम ताटल्या घेऊन आत गेल्या आणि नळ सोडून तशाच उभ्या राहिल्या. तेव्हा करार होता, अख्ख्या वर्गाच्या नोकऱ्या होत्या, मॅनेजर होता, प्रकरण फार गुंतागुंतीचं होतं, असं त्या इतकी वर्षं स्वतःला बजावत आल्या होत्या. गुंता काहीच नव्हता. एक बस आणि एक वाक्य. खारूताईचं ते हॉटेल तर कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं.

नवरा स्वयंपाकघराच्या दारात आला. "काय गं? चांगलं काम केलंस आज. मग रडतेस का?"

"नळ बंद करा जरा," त्या म्हणाल्या. "आवाजाने ती उठेल."